राजय्याचं मराठी

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई वर्गाच्या दारात आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “अहो बाई, कळलं का? ते ‘मी आली की मालक’ गेले. सकाळी. हार्ट अटॅक म्हणतात.” सहावीच्या वर्गावर माझा व्याकरणाचा तास चालला होता. क्षणभर मला खरोखरच समजेना, गेलं कोण. मग समजलं, आणि खोटं कशाला सांगू, दुःखाच्या आधी राग आला. दर शनिवारी याच बाईंच्या शेजारी बसून चहा पिणारा माणूस. आणि तो गेल्याचं सांगताना त्यांना त्याचं नाव सुचलं नाही, ते वाक्य सुचलं. त्या बिचाऱ्यांना तरी काय बोलणार? दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी तेच वाक्य मथळ्यात छापलं. आठ दिवसांनी गावात शोकसभा झाली. फोटोला हार, उदबत्ती, पहिल्या रांगेत त्याची बायको डोक्यावर पदर घेऊन बसलेली. अध्यक्ष बोलायला उभे राहिले, दोन वाक्यं गंभीरपणे बोलले, आणि मग खांद्यावरचं उपरणं काढून, मान एका बाजूला कलती करून, त्यांनी ते वाक्य साभिनय म्हणून दाखवलं. सभागृह हसलं. शोकसभेत! माझं नाव बोलणाऱ्यांच्या यादीत होतं. पण मी उठले ती बाहेर आले, आणि चपलांच्या ढिगात माझी दुसरी चप्पल सापडेना म्हणून तिथंच उकिडवी बसले. आतून हसण्याचा आवाज येत होता.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. त्या दिवशी जे बोलायचं होतं ते अजून घशात आहे. म्हणून लिहिते.

ज्यांनी त्याचे सिनेमे पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते. पोस्टरवर त्याचं नाव राजाराम असं यायचं. ते नाव निर्मात्यानं ठेवलेलं. तो राजय्या. सोलापुरातल्या तेलुगू विणकराचा मुलगा. सात सिनेमांत त्यानं विनोदी कामं केली आणि सातही वेळा तो कुणाचा ना कुणाचा नोकर होता. शेठजी हाक मारायचे, हा धावत यायचा, पायरीवर उभा राहून खांद्यावरचा टॉवेल हातात घ्यायचा आणि म्हणायचा, “मी आली की, मालक!” बस, एवढंच. पुरुषमाणूस ‘आलो’ म्हणायच्या ऐवजी ‘आली’ म्हणतो, तेलुगू घरातल्या माणसाची मराठी बोलताना अशी गफलत होते, यावर अख्खा महाराष्ट्र पोट धरून हसला. मीही हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

आता या माणसाचं खरं मराठी कसं होतं ते सांगते. माझे वडील जवळच्या मंद्रूप गावाहून सोलापूरच्या गिरणीत नोकरीला आले तेव्हा मी चौथीत होते. नगरपालिकेच्या शाळेत पहिल्याच दिवशी मी गुरुजींना विचारलं, “मी हितं बसू का?” वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो पुढच्या बाकावरचा एक काळासावळा, मोठ्या कानांचा मुलगा. मधल्या सुट्टीत मी भांडायला गेले तर तो म्हणाला, “अगं, ‘हितं’ नाही, ‘इथं’. हात धर तोंडासमोर. ‘थ’ म्हणताना तळहाताला वारा लागला पाहिजे.” मी हात धरला. वारा लागेना. त्यानं माझ्याकडून वीस वेळा म्हणून घेतलं. लागला तेव्हा तो इतका खूश झाला की जणू त्याचाच नंबर आला होता. ‘न्हाय’ चं ‘नाही’, ‘कुटं’ चं ‘कुठं’, ‘तुमी’ चं ‘तुम्ही’... माझ्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द तो दुरुस्त करायचा. घरी तेलुगू बोलणारा हा पोरगा मराठीत कायम पहिला. गल्लीतल्या सगळ्यांची पत्रं आणि अर्ज लिहायला माणसं त्याच्याकडे यायची. त्याचे वडील, तो त्यांना नायना म्हणायचा, हातमागावर बसल्या बसल्या ऐकायचे, आणि मुलानं एखादा जड शब्द वाचला की माग थांबवून आम्हाला ऐका म्हणून खूण करायचे. मी पुढे मराठीची शिक्षिका झाले. ती नोकरी मला ज्याच्यामुळे मिळाली असं मी मानते, तो माणूस मराठी येत नाही म्हणून प्रसिद्ध झाला. यावर हसायचं असेल तर खुशाल हसा.

मॅट्रिक होऊन तो गिरणीच्या ऑफिसात कारकून म्हणून लागला. गणपतीत नाटकं करायचा. त्या नाटकांत त्यानं काय काय केलं नाही! म्हातारा वकील केला, कीर्तनकार केला, एकदा तर रुसलेली सासू केली. सत्तरच्या थोडं आधी कोल्हापूरचे एक दिग्दर्शक कुणाच्या तरी लग्नाला सोलापुरात आले होते, त्यांनी त्याला पाहिलं आणि बोलावून घेतलं. हा नोकरी सोडून गेला. पहिलाच सिनेमा धो धो चालला. माझ्या माहितीप्रमाणे ते वाक्य कथेत नव्हतंच. सेटवर दिग्दर्शक म्हणाले, “तुमच्याकडं कसं बोलत्यात ते बोला की,” आणि याच्या तोंडून ते निघालं. त्यानंतर त्याच्यासाठी कुणाला कथा लिहावीच लागली नाही. नोकर लिहिला की झालं.

“अरे, एकदा तरी वेगळं काहीतरी माग,” मी म्हणायचे.

“मागितलं. मास्तरचं काम होतं एका सिनेमात. चार पानांचं भाषण होतं, शांता. मी पाठसुद्धा केलं.”

“मग?”

“निर्माता म्हणाला, ‘तुम्ही शुद्ध बोलायला लागलात तर लोक खुर्च्या फोडतील.’” हे सांगताना तो हसत होता. मला त्याच्या त्या हसण्याचाच संताप यायचा.

सिनेमाचं काम संपलं की तो सोलापूरला यायचा. कोल्हापुरात घर करणं त्याला कधी सुचलं नाही. कुर्डुवाडीला गाडी बदलताना फलाटावर लोक ओळखायचे, गर्दी व्हायची, वाक्य म्हणा म्हणायचे, आणि हा म्हणायचा. मंडईत भाजी घेताना म्हणायचा. दाढी करताना गालाला साबण लावलेला असताना म्हणायचा. त्याच्या पुतणीच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी कुणीतरी म्हणायला लावलं, तेव्हाही म्हणाला. दोन्ही हात जोडायचा, मान कलती करायचा, म्हणायचा. लोक म्हणायचे, काय साधा माणूस आहे हो, एवढा मोठा नट पण जरासुद्धा गर्व नाही. मी चिडायचे. तो म्हणायचा, “त्यांनी तिकीट काढलंय. म्हणायला माझं काय जातं?” त्याचं काय जात होतं ते त्यालाही माहीत होतं, हे मला फार उशिरा कळलं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या वर्षी आमच्या शाळेतली मुलं भराभर गळायला लागली. साखर पेठेच्या मागच्या वस्तीतली, बहुतेक तेलुगू घरांतली मुलं. घरात काम नाही म्हणून काही गेली. पण काही केवळ मराठी जमत नाही म्हणून गेली. वर्गात तोंड उघडलं की हसं होतं, त्यापेक्षा घरी विड्या वळलेल्या बऱ्या. मी राजय्याला एक दिवस शाळेत बोलावलं. म्हटलं, तुझ्याकडे बघून तरी मुलांना वाटेल की आपल्यातला माणूस कुठवर जातो. तो आला. मुलांनी बाकं बडवून काय मागितलं असेल ते सांगायला नको. त्यानं ते म्हटलं, मुलं बाकांवर उभी राहून नाचली, आणि मी भिंतीला टेकून दात ओठ खात उभी. पण नंतर शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना तो म्हणाला, “शांता, मी शनिवारी येऊ का? सकाळच्या शाळेचे शेवटचे दोन तास मला दे. मला मराठी अशाच शाळेनं दिलं. नाहीतर मीही मागावर असतो.” कोल्हापूरला शूटिंग नसेल त्या प्रत्येक शनिवारी तो यायचा. फोटो नको, हार नको, हेडमास्तरांनी फळ्यावर ‘सुप्रसिद्ध नट’ लिहिलेलं त्यानं स्वतःच पुसलं.

शिकवायची त्याची पद्धत मला जन्मात जमली नसती. तो चुका काढतच नसे. मुलांना घरातली गोष्ट सांगायला लावायचा, आधी तेलुगूत, मग मराठीत. शेळी कशी हरवली, आजी कुणाशी भांडली. कुणी हसलं तर हसणाऱ्याला पुढे बोलवायचा आणि म्हणायचा, “आता तू हेच तेलुगूत सांग बरं.” मराठी घरातलं ते पोर ततपप करायला लागलं की त्याला म्हणायचा, “बस. अवघड असतं ना?” आणि मग एखाद्या भांडखोर आजीची अशी नक्कल करायचा की सगळा वर्ग एकाच गोष्टीला हसायचा.

या मुलांत अनसूया होती. आठवीतली, चणीनं लहान, आवाज मात्र खणखणीत. वडील मागावर, आई विड्या वळायची. दोन वर्षांत तिनं असं मराठी उचललं की इन्स्पेक्टर येणार असले की आम्ही तिलाच वाचायला उभं करत असू. आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेला तिला पाठवायचं राजय्यानंच ठरवलं. विषय होता ‘माझे घर’. भाषण तिनं स्वतः लिहिलं, त्यानं फक्त दोन शब्द बदलले. महिनाभर तयारी चालली. तो तिला शाळेच्या मैदानाच्या एका टोकाला उभी करायचा आणि स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन कानाला हात लावायचा.

स्पर्धा ज्या संस्थेनं भरवली होती तिनं प्रमुख पाहुणा म्हणून राजय्यालाच बोलावलं होतं. तो पहिल्या रांगेत, मी शाळेच्या मुलांबरोबर पाचव्या. अनसूया स्टेजवर आली. वेणीला नवी रिबीन होती. तिनं नमस्कार केला, सुरुवात केली, आणि एवढं मोठं सभागृह पाहून म्हणा, दिवे पाहून म्हणा, महिनाभर एकदाही न झालेली चूक तिच्या तोंडून गेली. ती म्हणाली, “माझा आई पहाटे उठतो...”

आधी थोडे हसले. मग मागून कुणीतरी ओरडलं, “मी आली की, मालक!” मग सगळं सभागृह ओरडायला लागलं. सूत्रसंचालकाला तर फारच आनंद झाला. तो माईक घेऊन म्हणाला, “आणि योगायोग पाहा मंडळी, साक्षात तेच आज आपल्यात बसले आहेत!” लोकांनी टाळ्यांचा ताल धरला. राजय्या उभा राहिला. मला वाटलं, आता हा सगळ्यांना गप्प करणार. तो वळला. त्यानं हात जोडले. मान कलती केली. आणि म्हणाला.

सवयीनं म्हणाला. मला माहीत आहे, सवयीनं. इतक्या वर्षांत टाळ्या वाजल्या की त्याच्या शरीरातून ते आपोआप निघायचं. म्हणून झाल्यावर एका क्षणात त्याचा चेहरा असा झाला की तो मी अजून विसरू शकत नाही. त्यानं स्टेजकडे पाहिलं. अनसूया त्याच्याकडेच बघत होती. मग ती वळली आणि मागच्या पायऱ्यांनी उतरून गेली. आणि मी? मी पाचव्या रांगेत बसून होते. उठून ओरडायला हवं होतं, ते मी केलं नाही. सगळा राग राजय्यावर काढणं सोपं आहे, म्हणून हेही लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. तिचे वडील माग सोडून उठले. आम्हाला पाट दिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते अगदी अदबीनं बोलत होते. “सर, तुमी मोठी माणसं. आमची पोरगी शाळा शिकून काय करणार? बास झालं. घरात काम हाय.” अनसूया आतल्या खोलीत होती, दार लोटलेलं. राजय्या त्या दारापाशी खाली बसला आणि तेलुगूत काहीतरी सांगत राहिला. बराच वेळ. मला एवढंच कळलं की तो माफी मागत होता. शेवटी आतून ती बोलली, मराठीत बोलली. “सर, ते सगळे हसले त्याचं काही नाही. तुम्ही कशाला म्हटलं?”

तो उठला. परत येताना आम्ही चालतच निघालो. उन्हाचे दिवस, रस्त्यावर सावली नाही. बरंच चालून झाल्यावर तो म्हणाला, “शांता, ते वाक्य माझं नाही.”

“मग कुणाचं?”

“नायनांचं. आठवड्याला लुगडी घेऊन दुकानात जायचे ना, मी बरोबर असायचो. पायरीवर उभे राहायचे, टॉवेल खाली घ्यायचे आणि तसं म्हणायचे. दुकानातले कारकून तोंड फिरवून हसायचे. मला लाज वाटायची. म्हणून तर मी मराठीत पहिला आलो. आणि कॅमेऱ्यासमोर उभं केल्यावर तोंडात दुसरं काही आलंच नाही.”

उन्हासाठी मी पदर डोक्यावर ओढला.

“पहिल्या सिनेमाला त्यांना घेऊन गेलो होतो. बाल्कनीत. लोक एवढे हसत होते... नायना इकडंतिकडं बघत होते. मग तेही हसले, जरा उशिरा. बाहेर आल्यावर मला तेलुगूत विचारलं, ‘मी असं बोलतो का रे?’ मी म्हटलं, नाही हो नायना, सिनेमा आहे तो. त्यानंतर ते मराठी बोललेच नाहीत. मरेपर्यंत. दुकानात माल द्यायला शेजाऱ्याला पाठवायचे. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं काय होतंय, तर नुसतं छातीवर बोट ठेवलं.”

त्या दिवशी त्याच थिएटरात मीही होते. नायनांच्या मागे असेन चार रांगा. हसत होते.

“आणि तरी तू नंतर सहा सिनेमे केलेस?” मी जवळजवळ ओरडलेच. रस्त्यावरची माणसं बघायला लागली.

“केले. लोक हसले की मला बरं वाटायचं, शांता. तुला खोटं काय सांगू? लोक म्हणतात, नम्र आहे, नम्र आहे... मी भितो. एकदा नाही म्हटलं आणि पुन्हा कुणी हसलंच नाही तर, असं वाटतं.”

आठव्या सिनेमाची बोलणी करायला कोल्हापूरहून निर्माते त्याच्या घरी आले तेव्हा मी तिथंच होते. त्याच्या बायकोनं पोहे केले होते. राजय्या त्यांना म्हणाला, काम कितीही छोटं द्या, नोकराचंच द्या, पण तो नोकर नीट मराठी बोलेल. किंवा नीट तेलुगू बोलेल. ते वाक्य मी म्हणणार नाही. निर्माते पोह्यांची बशी हातात धरून खदखदा हसले. त्यांना तो विनोद वाटला. हा पुन्हा तेच बोलला तेव्हा त्यांचं हसणं थांबलं. बशी खाली ठेवून ते म्हणाले, “राजाराम, तुमच्यात दुसरं आहे काय?” ते काम त्यांनी दुसऱ्या नटाला दिलं. त्यानं ते वाक्य आणखी वाईट म्हटलं, आणि ते चाललं. राजय्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

मग त्याला काय काम मिळालं माहीत आहे? एका छापखान्यात प्रुफं तपासायचं. लग्नपत्रिका, हस्तपत्रकं, पतसंस्थांचे अहवाल. नाकावर चष्मा घेऊन तो दिवसभर लोकांच्या वेलांट्या आणि उकार दुरुस्त करायचा. गावाला याचं काही वाटलं नाही. गावाला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. रस्त्यात कुणी “मालक!” अशी हाक मारली की तो आता थांबत नसे. नमस्कार करायचा आणि पुढे जायचा. लोक म्हणायला लागले, हवा डोक्यात गेली. सिनेमे बंद झाले तरी तोरा बघा. घाबरून हात जोडत होता तेव्हा तो साधा माणूस होता. आयुष्यात पहिल्यांदा सरळ उभा राहिला तर गर्विष्ठ ठरला. मी त्याला म्हटलं, पेपरात लिही सगळं, नायनांचं लिही, लोकांना कळू दे. तो म्हणाला, “लिहिलं तर लोक पुन्हा तेच वाक्य वाचणार ना?” पाहा ना, या लेखात मला ते किती वेळा लिहावं लागलं!

शनिवार मात्र त्यानं सोडला नाही. नटाचा प्रुफं तपासणारा झाला तरी मुलांना फरक पडला नाही. त्याच्या हाताखालून गेलेली चार मुलं मॅट्रिक झाली, एक मुलगी नर्सिंगला गेली. पण मी त्यांचं कौतुक करायला लागले की तो विषय बदलायचा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो अनसूयाच्या घरी जायचा. तिची शाळा सुटली ती सुटलीच. माझे सगळे प्रयत्न फुकट गेले. ती आईबरोबर विड्या वळायला बसली. हा जायचा, बाहेर कट्ट्यावर बसायचा, तिच्या वडिलांशी दोन शब्द बोलायचा आणि परत यायचा. ती त्याच्याशी बोलत नसे. चार वर्षं. मी म्हणायचे, “कशाला जातोस? तिलाही त्रास, तुलाही त्रास.” तो नुसता मान हलवायचा. शाळेत दुसरी दोनशे मुलं त्याच्यावर जीव टाकत होती, आणि हा एका न उघडणाऱ्या दारासमोर जाऊन बसायचा. मला त्याची ही गोष्ट कधीच समजली नाही. आपण काही चांगलं केलं हे या माणसाला कबूलच करायचं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मी अनसूयाकडे गेले. शोकसभेत ती दिसली नव्हती, म्हटलं तिला बातमी तरी कळली का पाहावं. ती आता सतरा वर्षांची आहे. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. मला पाहून तिनं पाट सरकवला. हात थांबले नाहीत.

“कळलं मला,” ती म्हणाली. “मी आले होते, बाई. स्मशानात बायका येत नाहीत ना, म्हणून रस्त्यावरच उभी राहिले.”

मी उठायच्या बेतात होते तेवढ्यात ती म्हणाली, “शेवटी आले होते ना सर, त्या रविवारी लई ऊन होतं. कट्टा नुसता तापलेला. मी आतून बघत होते. मी म्हटलं, सर, उन्हात बसू नका, आत या.”

“तू म्हटलंस?”

“हो. आत आले. तुम्ही बसलाय तिथंच बसले. मी पाणी दिलं.”

“काय म्हणाले?”

“काही नाही. मग मीच विचारलं, सर, मी आत्ता बोलले ते वाक्य बरोबर होतं का? तर म्हणाले, बरोबर होतं. दोन वेळा म्हणाले. मग आणखी पाणी मागितलं.”

मी तिथून कशी उठले मला आठवत नाही. कारण त्या रविवारनंतरच्या शनिवारी राजय्या शाळेत आला होता. तोच त्याचा शेवटचा शनिवार. दोन तास घेऊन तो शिक्षकांच्या खोलीत माझ्यासमोर बसला, चहा घेतला, खडू फार ठिसूळ येतात अशी तक्रार केली. मी नेहमीप्रमाणे विचारलं, “अनसूया काय म्हणते?” तो म्हणाला, “बरी आहे.” बस. बशीत उरलेला चहा प्यायला, चष्मा पुसला आणि गेला. मंगळवारी सकाळी तो गेलाच. चार वर्षं मी त्याच्याबरोबर त्या दाराकडे डोळे लावून होते, आणि दार उघडलं ते या माणसानं मला सांगितलं नाही! का नाही सांगितलं? सांगितलं तर मी त्याचं कौतुक करीन म्हणून? की माझ्यावरही त्याचा विश्वास नव्हता, मी जाऊन अनसूयाला लगेच शाळेचा फॉर्म भरायला लावीन म्हणून? का स्वतःचाच स्वतःवर विश्वास बसला नव्हता... आता हे विचारायचं कुणाला? साखर पेठेतून घरी येईपर्यंत मी त्याच्याशी भांडत होते. मोठ्यानंच भांडत असणार, कारण नळावरच्या दोन बायका हंडे खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.